ताटाएवढी जागा

इंजिन वर उचललं गेलं तेव्हा बोटीभोवती जमलेल्या सगळ्यांनी वर पाहिलं. दोन टनांचं धूड साखळीला लटकून हवेत सावकाश गिरकी घेत असेल तर माणूस वरच पाहणार. मुंगूस तेवढी खाली पाहत होती.

तिला मुंगूस म्हणत. बोटीच्या पोटात जिथे माणूस शिरूच शकत नाही यावर सगळ्यांचं एकमत होई, तिथे ती शिरे आणि अर्ध्या तासानं भलत्याच बाजूनं बाहेर येई. उंची पावणेपाच फूट, वय बावन्न, आणि खांदे असे की गरज पडली तर घडी करून ठेवता येतील. धंदा रंगाचा. म्हणजे नावं लिहायचा, पट्टे ओढायचा रंग नव्हे. तो दुसरे करत आणि त्यांचे फोटो निघत. मुंगूस बोटी आतून रंगवायची, जिथे रंग पाहायला कुणी जात नाही. सव्वीस वर्षांत तिच्या कामाकडे पाहून "वा!" म्हणालेला माणूस तिला भेटला नव्हता. भेटला असता तरी तो तिथवर मावला नसता.

ही बोट फेरीची, पोलादी, रोज माणसांना या काठावरून त्या काठावर नेणारी. सगळे तिला म्हातारी म्हणत आणि तिच्यावर भरवसा ठेवत. तिच्या इंजिनाखाली, अगदी तळाशी, एक खळगा होता. असा खळगा प्रत्येक बोटीला असतो, त्याला बिल्ज म्हणतात. वरून जे जे गळतं, ठिबकतं, सांडतं किंवा हरवतं ते सगळं तिथे जमतं: खारं पाणी, काळं तेल, पाने, स्क्रू आणि एखादवेळी चष्मा. गंजाला दुसरं काय हवं? घरच ते.

मुंगूस दर वर्षी हात पोचेल तेवढा भाग घासून रंगवायची. इंजिनाच्या बरोबर खाली मात्र हात पोचत नसे. तिथे तो शेवटचा पोचला होता एकोणीस वर्षांपूर्वी, इंजिन मागच्या वेळी बाहेर निघालं होतं तेव्हा. आता आठ दिवस ते पुन्हा बाहेर असणार होतं. पुढच्या वेळी ते निघेल तेव्हा ती एकाहत्तरची असेल. खांद्यांची घडी एकाहत्तराव्या वर्षी होते का, हा प्रयोग करून पाहायची तिची इच्छा नव्हती. जे काय ते या आठ दिवसांत.

"हसतेस काय एवढी?" मिस्त्रीनं विचारलं. मिस्त्री म्हणजे म्हातारीचं इंजिन सांभाळणारा, अंगानं त्या इंजिनाचाच धाकटा भाऊ शोभेल असा. "बिल्ज आहे ते. लग्नाचा हॉल नव्हे."

"तुम्हाला नाही कळायचं," मुंगूस म्हणाली आणि शिडी लागायची वाट न पाहता आत उतरली.

ती थेट एका जागी गेली. मागून तिसरी बरगडी, डावीकडे. बरगडी म्हणजे बोटीच्या तळाला आडवी जोडलेली पोलादी पट्टी. त्या पट्ट्यांच्या मधले चौकोन तिला आपल्या घरातल्या फरशांइतके ओळखीचे होते. आणि या एका चौकोनाबद्दल तिला जे ठाऊक होतं, ते जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी, शेवटच्या दिवशी, उजेड जात असताना, इथे ताटाएवढी जागा राहिली होती. तिच्यावर तेलाचा ओशटपणा होता. तो काढायला दोन तास लागले असते, आणि इंजिन उतरवायला माणसं वर उभी होती. "झालं का?" कुणीतरी ओरडलं. तेहेतीस वर्षांच्या मुंगुसानं त्या ओशट जागेवरून ब्रश फिरवला आणि "झालं!" म्हणून ओरडून उत्तर दिलं. रंग छान चमकला. तेलावर मारलेला रंग पहिले काही दिवस छानच चमकतो.

तेव्हापासून म्हातारी भर पाण्यात जाताना दिसली की तिला ते ताट दिसे. माणसांनी भरलेली बोट, आणि तिच्या तळाशी तो चौकोन. गंज आत किती गेला असेल? अर्धा पत्रा? पाऊण? ती स्वतः त्या बोटीनं कधी गेली नाही. पलीकडच्या काठावर तिची नणंद राहायची. नणंदेकडे न जायला इतकं पक्कं कारण फार थोड्या बायकांना मिळतं, पण मुंगुसाला त्याचं सुख कधी लाभलं नाही.

आता तिनं त्या जागेवर नखानं टोकरलं. जुना रंग सायीसारखा निघून हातात आला. खाली पोलाद होतं. गंज नव्हता. तिनं चिंधीनं पुसलं. लख्ख. हातोडीनं ठोकलं. टण्ण! पत्रा कारखान्यातून आला होता तसा भरदार वाजला.

ती तिथेच बसली आणि मोठ्यानं हसली. वरून ठिबकणाऱ्या तेलानं एकोणीस वर्षं ती जागा माखून ठेवली होती. पाण्याला शिरायला फटच उरली नव्हती. आणि ते तेल आलं होतं मिस्त्रीच्या इंजिनातून, जे इंजिन गळत नाही असं मिस्त्री एकोणीस वर्षं सांगत आला होता. त्याच्या थापेनं तिची थाप तारली होती. दोन्हींपैकी एकही बाहेर काढायची सोय नव्हती, कारण एक ओढली की दुसरी मागोमाग येणार.

बाकी बिल्जचा चेहरा तेवढा चांगला नव्हता. मिस्त्रीनं, पाने खाली पडू नयेत म्हणून, कधीकाळी एक फळी सरकवून ठेवली होती. फळीवर एकही पाना सापडला नाही. फळीखाली अकरा सापडले. आणि जिथे फळी पाणी धरून बसली होती तिथे, मुंगुसानं सगळ्यात जीव लावून रंगवलेल्या भागात, गंजाचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटत होते. तिथे हातोडी टण्ण नाही, भद्द वाजली. वेल्डरला बोलावून तेवढा पत्रा कापून नवा बसवावा लागला. तिनं जीव लावलेला भाग सडला आणि टंगळमंगळ केलेली जागा लख्ख राहिली. यातून काय शिकायचं ते तिला समजेना, म्हणून तिनं काहीच न शिकता साबणाचं पाणी कालवायला घेतलं.

कारण आधी तेल, मग गंज. घाई करणारे आधी तारेचा ब्रश चालवतात आणि तेल पोलादात नीट मुरवून ठेवतात. मुंगुसानं दोन दिवस नुसतं धुतलं. मग दोन दिवस ठोकलं, खरवडलं, ग्राइंडर फिरवला. मग गोड्या पाण्यानं पुन्हा धुतलं, कारण मीठ डोळ्यांना दिसत नाही पण रंगाखाली राहिलं की गप्प बसत नाही. पंखे लावून वाळवलं. घरी येई तेव्हा तिचे फक्त डोळे ओळखू येत.

घर दोन खोल्यांचं. खिडकीपाशी नवऱ्याचं शिलाई मशीन. तो बोटींच्या बाकांची कव्हरं शिवायचा आणि कमी बोलायचा. पाचव्या दिवशी जेवताना तिनं त्याला पोलाद धुतल्यावर कसं राखाडी, रेशमी दिसतं ते इतक्या रंगात येऊन सांगितलं की भाजी गार झाली.

"आपलं लग्न ठरलं तेव्हा इतकी बोलली नव्हतीस," तो म्हणाला.

"तेव्हा बोलण्यासारखं होतं काय, अहो?"

त्यानं यावर विचार केला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रायमर. प्रायमर म्हणजे पोलादावरचा पहिला थर. तो बसला तर वरचा रंग बसतो. रंगाच्या दुकानात ती गेली तर मिस्त्री मागोमाग आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण बिल्ज त्याच्या इंजिनाखालचं असल्यामुळे जावयाच्या घराचा रंग ठरवायला सासऱ्यानं यावं तसा तो आला.

"लाल घे," तो म्हणाला. "एका डब्यातला. माझ्या बापानं लाल मारला, मीही लालच पाहत आलोय."

"आणि दर वर्षी मी तोच खरवडत आलेय. तेलात मऊ पडतो तो."

दुकानदारानं दुसरा डबा पुढे सरकवला. "जस्ताचा घ्या. गंजाचा बाप."

"जस्ताचा प्रायमर वाळूच्या मारानं नागव्या केलेल्या पोलादावर बसतो. मी हातानं घासलंय. कोपऱ्यात थोडा घट्ट गंज राहणारच. त्याच्यावर तुमचा हा बाप टिकेल?"

दुकानदार खोकला आणि त्यानं एक पांढरट पाण्याची बाटली काढली. "मग हे. नुसतं लावा, गंज काळा पडतो. घासायची कटकटच नाही."

"काळा पडलेला गंज जातो कुठे?"

"जात नाही. काळा पडतो."

"म्हणजे मेला नाही, नुसता सुतकात बसला," मुंगूस म्हणाली आणि वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "ते द्या. दोन डबे एकत्र कालवून लावायचा तो. हातानं घासलेल्या पोलादावर चालतो, तेलाला, पाण्याला दाद देत नाही. पहिल्या थराला राखाडी, दुसऱ्याला पांढरा."

दोन रंग अशासाठी, की दुसरा थर कुठे चुकला तर खालचा राखाडी डोळा मारतो.

"पांढरा?" मिस्त्री एवढ्यानं ओरडला की दुकानदारानं डबे हातानं धरले. "इंजिनाखाली पांढरा? दवाखाना उघडतेस?"

"तेल गळलं तर लगेच दिसेल."

"माझं इंजिन गळत नाही."

"मग पांढराच राहील की. तुम्हाला काय अडचण?"



त्या दिवशी ती जवळजवळ धावतच होती. पहिल्या डब्याचे चार पेले, दुसऱ्याचा एक. पेला नवऱ्याच्या चहाचा, जो त्याला परत मिळाला नाही. काठीनं एकजीव करायचं, वीस मिनिटं थांबायचं. ती वीस मिनिटं तिनं बिल्जभोवती फेऱ्या मारून काढली. मग आधी कडा, कोपरे, वेल्डिंगच्या रेघा बारीक ब्रशनं, कारण रंग सगळ्यात आधी कडेवरून पळतो. आणि मग मोठे हात. हात चालवण्याआधी प्रत्येक चौकोनावर ती पाण्याचे चार थेंब शिंपडून पाही. पोलाद स्वच्छ असेल तर पाणी पातळ पडद्यासारखं पसरतं. तेलाचा अंश असेल तर मोत्यासारखं गोळा होऊन बसतं. पसरलं, की पुसून, वाळवून रंग. पसरलं, वाळवलं, रंगवलं. पसरलं. मागून तिसऱ्या बरगडीपाशी, डावीकडे, पाण्याचे चार मोती झाले.

तिनं ती जागा पुन्हा धुतली. मोती. पुन्हा, कडक द्रावणानं. तासभर पसरलं, मग पुन्हा मोती. बरगडी जिथे तळाला जोडली होती तिथल्या रेघेत तेल शिरून बसलं होतं आणि आतून पाझरत होतं. एकोणीस वर्षं जपलं, आता भाडं मागत होतं.

सातव्या दिवशी संध्याकाळी सगळं बिल्ज पांढरंशुभ्र झालं, एक चौकोन सोडून. मालक शिडीवरून वाकला. वडलांकडून बोट आणि माणसं दोन्ही वारशात आलेला तरुण मालक तिला मावशी म्हणायचा.

"मावशी, काय केलंत हे! इथे जेवायला बसावंसं वाटतंय. आणि तेवढं काय राहिलंय?"

"थोडं राहिलंय."

"मारून टाका की एक हात. उद्या दहाला क्रेन येतेय. ती नंतर महिनाभर दुसरीकडे बांधलीय, माहितीय ना? चुकली तर फेरी महिनाभर बंद."

उजेड जात होता. तिच्या हातात ब्रश होता आणि ब्रशला पांढरा प्रायमर. जागा तीच, आणि पांढरा तर लालपेक्षाही छान चमकला असता. वरून पुन्हा आवाज आला, "झालं का?"

मुंगुसानं ब्रश डब्यावर निथळला. फार वेळ निथळला. "नाही झालं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला जरा उंच वाटला. "सकाळी बघते."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं: ओशट जागा, ब्रश, नणंदेकडे का जात नाही ते. मशीनचं चाक थांबलं.

"तुला माझी बहीण आवडत नाही असं समजून मी एकोणीस वर्षं गप्प बसलो," तो म्हणाला.

"ती आवडत नाहीच. ते वेगळं. मी काय करू ते सांगा."

तो जन्मभर शिंपी होता. "उसव," म्हणाला.

सकाळी सहाला ती मिस्त्रीच्या दारात. दात घासत तो बाहेर आला.

"तुमची गरम हवेची गन हवीय."

"कशाला?"

यावर तिनं रस्त्यानं तीन वेगवेगळी उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. "मागच्या वेळी मी तेलावर रंग मारला होता, मिस्त्री. ताटाएवढी जागा. आता तिथे रेघेत तेल मुरलंय. तापवून बाहेर काढायचंय."

मिस्त्रीनं ब्रश तोंडातून काढला. चूळ भरली. "थोडंसं तेल एकोणीस वर्षं पाझरतं होय?"

"थोडंसं नव्हतं. वरून येत होतं."

"वर काय होतं?"

"वर तुमचं इंजिन होतं."

मिस्त्रीनं नळ बंद केला.

"मागून तिसरी बरगडी," मिस्त्री म्हणाला. "डावीकडे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"थांब, गन आणतो," असं म्हणत मिस्त्री आत गेला. गन समोर खुंटीलाच लटकत होती, तरी ती शोधायला त्याला पाच मिनिटं लागली.

दोघं बिल्जमध्ये उतरले. इंजिन नसल्यामुळे मिस्त्रीही मावला. पंखा लावून तो रेघ तापवू लागला आणि तेल खरोखरच बाहेर आलं, काळ्या घामासारखं, थेंबाथेंबानं. तापवायचं, पुसायचं, धुवायचं, वाळवायचं. पुन्हा तापवायचं. चिंध्यांचा ढीग वाढत गेला. आठ वाजले तेव्हा चिंधी कोरी निघाली. मुंगुसानं बोटं बुडवून पाणी शिंपडलं. चार थेंब पडले, क्षणभर थबकले आणि पसरले.

"पसरलं!" ती किंचाळली. "मिस्त्री, पसरलं!"

"दिसतंय मला."

"थांबा." पाव तास दोघांनी त्या ओल्या डागाकडे टक लावून पाहिलं. मोती झाला नाही.

पत्रा कोमट होता, राखाडी थर त्यावर भराभर धरायला लागला. पण दहाला क्रेन आली, आणि पांढरा थर अजून बाकी होता. मुंगूस मालकापुढे जाऊन उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "एक वाजेपर्यंत क्रेन थांबवा. मागच्या वेळी तिथे मी तेलावर रंग मारला होता आणि झालं म्हणून सांगितलं होतं. या वेळी झाल्यावरच सांगणार."

मालकानं तिच्याकडे पाहिलं, पांढऱ्या तळाकडे पाहिलं. "मागच्या वेळी मी चौथीत होतो, मावशी," तो म्हणाला. "वडलांनीच घाई केली असणार. करायचेच ते." आणि तो क्रेनवाल्याला चहाला घेऊन गेला. क्रेनवाला तीन वेळा चहा प्यायला आणि चौथ्याला नको म्हणाला, तेव्हा पाऊण वाजला होता आणि शेवटचा पांढरा हात नुकताच फिरला होता.

"झालं!" मुंगूस ओरडली. तिचा आवाज सगळ्या धक्क्यावर ऐकू गेला.

इंजिन उतरलं. ते आपल्या दोन जाड पोलादी पायांवर बसतं, तळाला टेकत नाही, त्यामुळे ओल्या रंगाला त्याचं काही भय नव्हतं. भय होतं ते एका गोष्टीचं. प्रायमर वाळायला उद्यापर्यंतचा वेळ हवा होता, आणि तोवर त्याच्यावर तेलाचा एकही थेंब पडून चालणार नव्हता. आणि इंजिनात तर तेल आजच भरायचं होतं, मालकासमोर.

सगळे मिस्त्रीकडे पाहू लागले, असं मिस्त्रीला वाटलं. खरं तर फक्त मुंगूस पाहत होती.

मिस्त्रीनं सदऱ्याखालून एक ताट काढलं. घरचं, स्टीलचं, काठाला पोचा आलेलं. सकाळपासून ते तो पोटाशी धरून वावरत होता, म्हणूनच तो इतका ताठ चालत होता.

"हे खाली बांध," तो तिला म्हणाला. "तू शिरशील."

"ताट कशाला, मिस्त्री?" मालकानं विचारलं. "इंजिन तर गळत नाही ना?"

मिस्त्रीचे कान लाल झाले. त्याला आवडायचा तसलाच लाल. "गळतं," तो म्हणाला. "पहिल्यापासून गळतं. मागचं, तेल अडवणारं सील. काढायला इंजिन उचलावं लागतं, म्हणून बोललो नाही. आणि आता उचललं होतं तर ही बया माझ्या डोक्यावर पांढरा रंग घेऊन बसलेली, सुचलंच नाही मला!"

यावर मालक जे बोलला ते त्यानं नंतर मागे घेतलं.

मुंगूस खांदे दुमडून इंजिनाखाली शिरली आणि तारेनं ताट बांधलं. खाली ओला पांढरा चौकोन, वर ताट, दोन्ही एकाच मापाचे. ती पालथी पडून टॉर्चच्या उजेडात वाट पाहत राहिली. वर तेल भरलं गेलं. पाच मिनिटं गेली. दहा.

टण्.

"वाजलं!" ती ओरडली. "मिस्त्री, ताटात वाजलं!"

"कुठे पडला? बघू दे, सरक!" मिस्त्रीनं डोकं घातलं, मग एक खांदा, मग अट्टहासानं दुसरा, आणि तिथे तो अडकला. पण डोळे पोचले होते. त्यानं ताट पाहिलं, त्यातला काळा थेंब पाहिला, आणि आजूबाजूला दूरवर गेलेला तो पांढराशुभ्र तळ पाहिला.

"वा!" मिस्त्री म्हणाला. "बरोबर मधोमध."

मुंगुसानं ती दाद अर्धी आपल्या नावावर धरली. मग तिघांनी मिळून मिस्त्रीला पायांना धरून बाहेर ओढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं काठीला चिंधी बांधून, ती थिनरमध्ये भिजवून, लांबून त्या चौकोनावर घासली. चिंधी कोरी आली, म्हणजे रंग पक्का धरला होता.

त्या रविवारी ती म्हातारीत बसून नणंदेकडे गेली. नणंद अगदी तशीच निघाली.